विहीणबाईंचा ताळा

एक सबंध उन्हाळा तुमच्या दोन्ही आज्या एका विषयावर एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत. भांडण नव्हतं. तशी अटच होती आणि आम्ही दोघींनी ती पाळली. तुमच्या आईला आमच्या तिघींच्या एकत्र फोनवर काहीतरी जाणवलं असावं, कारण तिने आधी साताऱ्याला विचारलं, "तुमचं बिनसलंय का?" आणि मग तुमच्या बाबाने सांगलीला, म्हणजे मला, मोठ्या मनाने वागण्याचे फायदे समजावून सांगितले. मी ऐकून घेतलं. आता ते काम पुरं झालं आहे, तेव्हा पहिल्यापासून सांगते. तुम्ही दोघं तिकडे मेलबर्नला बसून सावकाश वाचा. एखादा शब्द अडला तर वाक्य पुन्हा वाचा. बहुतेक वेळा अर्थ शेजारीच बसलेला असतो.

पाचगणीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, तेव्हाची माझी एक विद्यार्थिनी आज सांगलीत मनोविकारतज्ज्ञ आहे. तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी ती मला अजून 'मिस' म्हणते. होळीनंतरच्या एका सकाळी ती आमच्या माधवनगरच्या घरी आली आणि चहा व्हायच्या आतच म्हणाली, "मिस, एक भाषांतर हवंय. गोष्ट नाही, लेख नाही. नुसते प्रश्न आहेत."

"कुणाला विचारायचे?"

"मरता मरता वाचलेल्यांना."

मग तिने नीट सांगितलं. माणूस मोठ्या अपघातातून, पुरातून, लढाईतून जिवंत परत येतो. हाडं जुळतात, जखमा भरतात, पण मन तिथेच अडकून राहतं. झोपेत तेच दिसतं. भांडं पडलं तरी दचकायला होतं. घरच्यांवर विनाकारण डाफरतो, कशात रस राहत नाही. याला आघातानंतरचा तणावविकार म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मात्र हा आजार रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, छातीच्या फोटोत दिसत नाही. तो विचारून काढावा लागतो. ठरावीक प्रश्न, ठरावीक क्रमाने, आणि प्रत्येक उत्तर किती वेळा आणि किती तीव्र ते मोजत. अशी एक मुलाखत इंग्रजीत आहे. तिचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती मराठीत आणायची परवानगी माझ्या विद्यार्थिनीला दिली होती. यापुढे मी तिला डॉक्टर म्हणेन, कारण ती माझी विद्यार्थिनी होती हे मी एरवी दर वाक्यात सांगेन.

"तू स्वतः का नाही करत?" मी विचारलं. "तुझं मराठी चांगलं आहे."

"मी पेशंटला माझ्या पद्धतीने विचारतेच. मला हे माझ्यासाठी नकोय, मिस. तालुक्याच्या दवाखान्यात नवा डॉक्टर येईल, त्याच्यासाठी हवंय. त्याने कागद समोर ठेवून विचारलं, तरी माणूस सापडला पाहिजे."

आपल्याकडे घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत. नदीकाठच्या लोकांच्या माळ्यापर्यंत पाणी चढलेलं आहे. गाळप सुरू असताना रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या उलटतात. त्या नव्या डॉक्टरसमोर कोण कोण येऊन बसेल हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी हो म्हणाले.

आता अट. असं भाषांतर एकीने करून भागत नाही. एकीने इंग्रजीचं मराठी करायचं. दुसरीने, जिने मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही अशीने, त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून कुठे फरक पडला ते बघायचं. तुमच्या बाबाला मी भागाकार शिकवला तेव्हा उत्तर आलं की गुणाकार करून ताळा बघायला लावायची. तसाच हा ताळा. अट इतकीच की ताळा करणारीने भाषांतर करणारीशी त्याबद्दल बोलायचं नाही, नाहीतर उत्तर आधीच कानावर पडायचं.

डॉक्टरला चांगलं इंग्रजी येणारी आणि शब्दाला पक्की अशी दुसरी बाई हवी होती. मी लगेच तुमच्या साताऱ्याच्या आजीचं नाव सुचवलं. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होत्या, त्यांच्या हातून एक स्वल्पविराम निसटत नाही. शिवाय त्या माझ्या विहीणबाई. मुलाची आई आणि मुलीची आई या एकमेकींच्या विहिणी. आपल्याकडे या नात्यात मान असतो, आग्रह असतो, आणि थोडी चुरस नसेल तर लोकांना चैन पडत नाही.

मी चैत्रात मराठी करून दिलं. ते पाकीट डॉक्टरने साताऱ्याला पाठवलं, आणि आमचे फोन असे व्हायला लागले:

"कसा आहे उन्हाळा साताऱ्यात?" मी विचारायची.

"तापलंय. तुमच्याकडे?"

"तापलंय. काय, काम चाललंय का?"

"कसलं?"

"काही नाही, आपलं सहज."

"विहीणबाई, असलं सहज विचारायचं नसतं."

यावर मी 'बरं बरं' म्हणून फोन ठेवायची. तुमच्या आईने ऐकलं ते हेच.

मेअखेरीस त्यांचं इंग्रजी आलं आणि आमची तोंडं उघडली. त्या पेढे घेऊन माधवनगरला चार दिवस राहायला आल्या. डॉक्टरने जेवणाच्या टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी मांडले: मूळ इंग्रजी, माझं मराठी, विहीणबाईंचं इंग्रजी. पानामागून पान जुळत गेलं. 'मन सुन्न होतं का' याचं त्यांनी बरोबर मूळ शब्दात रूपांतर केलं होतं. 'दचकता का' जुळलं, 'झोप मोडते का' जुळलं. मला मनातून फार बरं वाटत होतं. मग एका ओळीवर डॉक्टरचं बोट थांबलं.

मी लिहिलं होतं, 'त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या जागा किंवा माणसं तुम्ही टाळता का?' विहीणबाईंनी टाळण्यासाठी इंग्रजी 'शर्क' हा शब्द वापरला होता. म्हणजे अंगचोरपणा करणं, कामचुकारपणा करणं. मूळ शब्द साधा 'अव्हॉइड' होता.

"हे 'शर्क' कुठून आलं, विहीणबाई?"

"तुमच्याच वाक्यातून. 'टाळता का' लिहिलंय तुम्ही."

"टाळणं म्हणजे 'अव्हॉइड'. कुठलाही कोश काढा."

"कोशात असेल. आमच्या घरात टाळणं म्हणजे टाळाटाळ. तुमचे व्याही सुभेदार होते. त्यांच्यासमोर म्हणून बघा एखाद्याला, की हा ड्यूटी टाळतो. काय होतं बघा."

"पण हा पेपर सुभेदारसाहेबांना सोडवायचा नाहीये."

"मग कुणाला सोडवायचाय?" त्या म्हणाल्या.

मी कोश आणला. त्यांनी तो बघितला नाही. डॉक्टरने मध्यस्थी केली, की पुढच्या पायरीला आपण हे प्रश्न थोड्या लोकांना विचारून बघणारच आहोत, ते ठरवतील. तोवर मिसचा शब्द ठेवू.

"ठेवा," विहीणबाई म्हणाल्या. "वरपक्षाचं म्हणणं आहे. आम्ही काय, मुलीकडचे."

विचारून बघायला सुरुवात झाली तशी पहिली फजिती नदीकाठच्या लोकांनी केली. मूळ प्रश्न असा की तो प्रसंग या क्षणी पुन्हा घडतोय असा भास होतो का. माझं मराठी होतं, 'तो प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटतं का?' त्यावर एक आजोबा डॉक्टरला म्हणाले, "वाटायचं काय त्यात? धरणाचं दार उघडलं की घडतंयच की. तुमी कुठं ऱ्हाता?" पूर पुन्हा येणार, हा त्यांचा आजार नव्हता, अनुभव होता. मी वाक्यात 'प्रत्यक्षात तसं काही नसतानाही, आत्ता, इथेच' असं घातलं आणि तो प्रश्न सुधारला. मला हे काम आवडायला लागलं होतं.

मग हवालदार आले. विहीणबाईंचा चार दिवसांचा मुक्काम तोवर लांबलाच होता. त्यांचं नाव मी लिहीत नाही. गाव कडेगावच्या बाजूचं आहे इतकंच सांगते, आणि तेवढंही त्यांना विचारून सांगते आहे. वीसेक वर्षं फौजेत काढून घरी आलेला, ताठ बसणारा, दाढी गुळगुळीत केलेला माणूस. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली होती. बरोबर शेजारच्या गावचा मित्र होता, दोघं एकाच भरतीत लागलेले. हे वाचले, मित्र गेला. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. झोप लागत नाही म्हणून बायकोने त्यांना डॉक्टरकडे आणलं होतं. डॉक्टरने त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि कोपऱ्यात बसलेल्या आम्हा दोघींकडे बोट करून विचारलं, या बसल्या तर चालेल का. ते म्हणाले, "बसू द्या की. पलटणीत इन्स्पेक्शन लय बघितलंय."

प्रश्न सुरू झाले. स्वप्नं पडतात का? पडतात. दचकता का? व्हय. घरच्यांवर राग? बायकोकडे बघून ते म्हणाले, "हिला इचारा." ती म्हणाली, "मला कशाला इचारायचं, ताटालाच इचारा की. कितींदा उडालंय." ते हसले आणि व्हय म्हणाले. सगळे रकाने भरत चालले होते. मग डॉक्टरने माझं वाक्य वाचलं.

"त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या जागा किंवा माणसं तुम्ही टाळता का?"

ते होते त्याहून ताठ झाले. "न्हाई."

"आठवणी, विचार, ते टाळता का?"

"मॅडम, टाळाटाळ करणारा माणूस न्हाई मी. एवढी नोकरी केली, कंदी खोटा सीक रिपोर्ट केला न्हाई. कुनालाबी इचारा."

त्यांच्या बायकोने तोंड उघडलं. "आवं, मग परवाच्याला गाडीतनं..."

"तू गप."

डॉक्टरने दोन्ही ठिकाणी 'नाही' लिहिलं. मुलाखतीत टाळण्याचा भाग छोटा आहे, हे दोनच प्रश्न. पण त्यातल्या एकाला तरी होकार आला नाही, तर बाकी सगळं असूनही ते निदान बसत नाही. नियम तसा आहे.

हवालदार पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांची बायको आमच्याकडे वळली. तिची लेक दिलेलं गाव आणि तिचं गाव यांच्या मधोमध त्या मित्राचं गाव लागतं. एसटी तिथे थांबते. हवालदार त्या आधीच्याच फाट्यावर उतरतात आणि शेतांच्या बांधाबांधाने पलीकडे निघून पुढच्या थांब्यावर दुसरी गाडी धरतात. म्हणतात, हवा खायला उतरलो. पुढे पुढे तर लेकीकडे जाणंच सोडलं. नातवाच्या बारशालाही गेले नाहीत.

"व्याही लय दुखावल्यात," ती म्हणाली. "लोक म्हणत्यात, पेन्शन आली, माणूस माजला. आता जावळ काढायचं हाय पोराचं. आजोळचं मानूस नको व्हय तवा? म्हणून म्हटलं, डाक्टरीण बाई तरी सांगतील ह्यांना काय झालंय." मग तिने डॉक्टरकडे बघून विचारलं, "काय निघालं?"

डॉक्टर खोटं बोलत नाही. म्हणाली, "या मुलाखतीत तसं निघत नाहीये, काकू. पण मी त्यांना सोडणार नाही. अजून बघणार आहे."

"म्हंजे काय न्हाई झालेलं." तिने पदर सारखा केला. "मग लोक म्हणत्यात तेच खरं म्हनायचं."

रिक्षातून घरी येताना विहीणबाईंनी 'बघा, सांगितलं होतं' म्हणावं म्हणून मी वाट बघत होते, म्हणजे मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. त्यांनी म्हटलं नाही. घरी येऊन हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "काढा तुमचा कोश. आता मी हवालदार. विचारा."

मी विचारायला लागले आणि त्या टेबलापलीकडे छाती काढून बसल्या.

"त्या जागा तुम्ही चुकवता का?"

"चुकवायला मी काय कर बुडवलाय?"

"त्या जागांपासून लांब पळता का?"

"कोण पळतं? कोर्ट मार्शल करायचंय का माझं?"

"त्या जागा वर्ज्य करता का?"

"मी काय उपास धरलाय?"

"त्यातून अंग काढून घेता का?"

"विहीणबाई, हे तर 'शर्क'च झालं," असं म्हणून त्या पुन्हा साताऱ्याच्या आजी झाल्या.

मी हताश होऊन म्हणाले की मराठीत या क्रियेला एकही निरपराध शब्द नाही. टाळणं, चुकवणं, बगल देणं, सगळे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे. त्या म्हणाल्या, "जेवून घेऊ. उपाशीपोटी शब्द सुचत नाहीत."

मी पोळ्या केल्या होत्या, भरली वांगी होती. विहीण जेवायला बसली की वाढणारीने आग्रह करायचा आणि बसणारीने मोडता घालायचा नाही, ही आपली रीत. मी तिसरी पोळी वाढायला गेले. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. माझा चेहरा पडला असावा, कारण त्या घाईने म्हणाल्या, "मी नको म्हणत नाहीये, विहीणबाई. मला नको वाटतंय."

पोळी माझ्या हातातच राहिली.

"पुन्हा म्हणा."

"मला नको वाटतंय. खरंच. उन्हाळा आहे ना."

"मी नको म्हणते, आणि मला नको वाटतं," मी म्हणाले. "पहिलं तुम्ही करता. दुसरं तुम्हाला होतं."

तुम्हाला हे जरा थांबून सांगते, कारण शाळेत तुम्हाला हे कुणी शिकवणार नाही. मराठीत आजार माणूस करत नाही, तो माणसाला होतो. मला ताप येतो. मला भीती वाटते. मला राग येतो. मला भूक लागते. ताप, भीती, राग, भूक हे सगळे चालून येतात, आणि मी नुसती 'मला' म्हणून बसलेली असते. व्याकरणात याला चतुर्थी म्हणतात. पाचगणीला मुलं 'मी ताप करते' असलं काही बोलली की मी हसून दुरुस्त करत असे. आणि इथे मी एका आजारी माणसाला 'तुम्ही टाळता का' असं विचारलं होतं. त्याच्या आजाराचा कर्ता मी त्यालाच केलं होतं. 'त्या गावी जायला तुम्हाला नको वाटतं का' यात कुणावरच ठपका नव्हता.

मी हे सगळं उभ्याउभ्याच बोलले. विहीणबाईंनी ऐकून घेतलं, वांग्याचा देठ ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "अर्धंच झालंय."

"का?"

"वाटणं वेगळं आणि करणं वेगळं. मूळ इंग्रजी आता मी पाहिलंय. त्यात लांब राहायचा प्रयत्न आहे. नको तर मलाही पुष्कळ वाटतं. तुमच्या व्याह्यांचे मित्र आले की मला नको वाटतं. पण मी चहा टाकते. तेव्हा मी आजारी नाही."

"मग?"

"मग पुढे विचारायचं. नको वाटलं की तुम्ही काय करता? ते त्यांचं ते सांगतील. तुम्ही कशाला क्रियापद देताय?"

ती तिसरी पोळी मी खाल्ली. डॉक्टरला फोन लावला तेव्हा आम्ही दोघी एकाच वेळी बोलत होतो आणि तिने आम्हाला एकेकीने बोलायला सांगितलं, जसं मी तिला पाचवीत सांगत असे.

नवं वाक्य झालं ते असं: 'त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या जागी जायला, माणसांना भेटायला तुम्हाला नको वाटतं का? नको वाटलं की तुम्ही काय करता?' आठवणींच्या प्रश्नालाही हीच ठेवण दिली. पण आता विहीणबाईंना ताळा करता येणार नव्हता, त्यांना सगळंच माहीत झालं होतं.

"म्हणजे मला काढलं?" त्यांनी डॉक्टरला विचारलं.

"बढती दिली," डॉक्टर म्हणाली.

एका निवृत्त प्राध्यापकांनी, ज्यांना आम्ही ओळखत नव्हतो, नव्या प्रश्नांचं इंग्रजी करून दिलं. त्यात 'शर्क' नव्हतं. नको वाटणं होतं आणि मग काय करता हे होतं. मूळ मुलाखतीच्या हक्कदारांनी बदलाचं कारण विचारलं. डॉक्टरने ते लिहून पाठवलं, आणि त्यांनी मान्य केलं. मी ते पत्र दोनदा वाचून घेतलं. एका परदेशी कचेरीत चतुर्थी विभक्ती मंजूर झाली होती.

पाऊस संपता संपता हवालदारांना पुन्हा बोलावलं. ते आले याचं श्रेय त्यांच्या बायकोला. या वेळी डॉक्टरच्या एका सहकाऱ्याने विचारायचं होतं, आधी काय निघालं हे त्याला सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरने बाजूला बसून स्वतंत्रपणे गुण द्यायचे होते. दोघांचं जुळतं का हेही बघायचं होतं. आम्ही दोघी पुन्हा कोपऱ्यात. विहीणबाईंनी माझा हात धरला होता, आणि त्यांच्या बांगड्या वाजू नयेत म्हणून मी त्या वर सरकवल्या.

तो भाग आला. सहकाऱ्याने सावकाश वाचलं, "...तुम्हाला नको वाटतं का?"

हवालदारांनी मान वर केली. पंख्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गेलं. मग ते म्हणाले, "वाटतं की."

"किती?"

"लय. लय नको वाटतं."

"नको वाटलं की तुम्ही काय करता?"

"काय करनार. अलीकडंच उतरतो. बांधानं जातो." त्यांनी गुडघ्यावरचे हात उलटे केले. "त्याची आई बसलेली असती स्टँडपाशी. भाजी घेऊन. मी गाडीत दिसलो तर इचारंल, तू आलास, माझा कुठं हाय. मी काय सांगू तिला? त्या रस्त्यानं गेलोच न्हाई म्हंजे झालं. आता तर लेकीकडंबी..." ते थांबले. बायकोकडे वळून पाहिलं. "ही सांगती तसंच हाय समदं."

या वेळी तिला कुणी गप म्हणालं नाही, आणि तिने नुसती मान हलवली.

शेवटी दोघांनी आपापले गुण मांडले. जुळले. निदान बसलं. डॉक्टरने दोघांना समोर बसवून सांगितलं, तेव्हा हवालदारांच्या बायकोने पहिला प्रश्न विचारला, "म्हंजे आजार हाय?"

"आजार आहे."

"माज न्हाई?"

"नाही, काकू."

"आवं, ऐकलं का?" ती नवऱ्याला म्हणाली, आणि असं म्हणाली की जणू त्यांना एखादं पदक मिळालं होतं. "मग औषध द्या. काय असंल ते द्या. जावळाच्या आत द्या."

औषधापेक्षा बोलण्याचे उपचार जास्त झाले. दर आठवड्याला ते सांगलीला येत. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि माहीत असण्याचं कारण नाही.

मुलाखत पुढे पुष्कळ लोकांना विचारली गेली, नदीकाठच्या, ऊसपट्ट्यातल्या, पूर्वेकडच्या दुष्काळी गावांतल्या, सैनिकांच्या घरांतल्या. प्रत्येकाला एका अनुभवी तज्ज्ञाने मुलाखत न बघता वेगळं तपासलं. तज्ज्ञ ज्याला आजारी म्हणत होते त्याला आमची मुलाखत आजारी म्हणत होती, आणि ज्याला नाही म्हणत होते त्याला नाही. अपवाद इतके थोडे निघाले की डॉक्टरच्या सहकाऱ्याने हिशेब पुन्हा करून पाहिला. आकडे तिच्या निबंधात आहेत, तिथे वाचा. निबंधाच्या शेवटी आभारात आम्ही दोघी आहोत. आधी नाव कुणाचं, यावर साताऱ्याहून चौकशी झाली होती. अकारविल्हे लावलं आहे, त्यामुळे कुणाला काही बोलता आलं नाही.

त्याआधी, त्याच वर्षी थंडी सुरू झाल्यावर जावळाचं आमंत्रण आलं. हवालदारांनी स्वतः फोन केला आणि म्हणाले, दोघीबी या, इन्स्पेक्शनला. विहीणबाई आदल्या दिवशीच माधवनगरला आल्या. सकाळी आम्ही कडेगावच्या स्टँडवर उतरलो, तिथे हवालदार, त्यांची बायको आणि मुलगा उभे होते. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, म्हणून मुलाने नवा शर्ट घातला होता. पुढे सगळे एकाच एसटीने निघालो.

ते ज्या फाट्यावर उतरत असत तिथे गाडी थांबली. हवालदारांची बायको समोरच्या दांडीला धरून बसली होती. कुणी उतरलं नाही. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी सुटली. विहीणबाईंनी मोठा श्वास सोडला आणि मग खोकल्याचं निमित्त केलं.

मित्राचं गाव आलं. स्टँडपाशी दोन भाजीवाल्या बसल्या होत्या. हवालदार उठले.

"तुमी व्हा फुडं," ते बायकोला म्हणाले. "मी मागच्या गाडीनं येतो."

"आवं, मीबी येते संगं."

"तू पोराकडं जा. येतो म्हटलं न्हवं."

ते उतरले. गाडी वळेपर्यंत आम्ही मागे बघत होतो. ते एका टोपलीसमोर उकिडवे बसले होते, आणि टोपलीमागच्या बाईने डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडे वर पाहिलं होतं. पुढचं झाडाआड गेलं.

लेकीच्या घरी मांडव नव्हता, पण अंगणात सतरंजी होती, आणि न्हावी केव्हाचा येऊन वस्तरा परजत बसला होता. व्याही दारात उभे होते. "हवालदार आलं न्हाईत?" त्यांनी विचारलं. हवालदारांची बायको म्हणाली, "येत्यात." त्यांनी "व्हय, व्हय" म्हटलं, ते बारशाचा राग धरलेलं व्हय व्हय होतं. मागची गाडी आली तशी निघून गेली. न्हाव्याला दुसरीकडे जायचं होतं, तो दोनदा उठला. मुलगा मांडी घालून बसला, बाळ त्याच्या मांडीवर दिलं. विहीणबाई माझ्या कानात म्हणाल्या, "नाही आले तरी आजार तो आजारच." मी म्हणाले, "गप बसा."

तेवढ्यात ते रस्त्याने चालत येताना दिसले. सरळ, डांबरी रस्त्याने. हातात मेथीच्या चार जुड्या होत्या. डोळे लाल होते, पण चाल पलटणीची. त्यांनी मेथी व्याह्यांच्या हातात दिली, "तिनं धाडलीय, पैसं घेतलं न्हाईत," एवढंच म्हणाले, पायावर पाणी घेतलं आणि सतरंजीवर न्हाव्याच्या समोर जाऊन बसले.

न्हाव्याने बाळाच्या डोक्याला पाणी लावलं. बाळाने भोकाड पसरलं.

"सगळंच काढू का थोडं ठिवू?" न्हाव्याने विचारलं.

"सगळं," हवालदार म्हणाले. "आनि कानामागं नीट बघ. ऱ्हायलं तर परत फॉलीनला रांगेत उभा करीन."

"कुनाला, पोराला?" व्याह्यांनी विचारलं.

"न्हाव्याला," हवालदार म्हणाले, आणि व्याही हसत हसत त्यांच्या शेजारी येऊन बसले.